नाव हरवलेले यंत्र : आपल्या घरातल्या व्हिडिओ गेमचा इतिहास

आजचा धागा गडकिल्ल्यांचा नाही, ताम्रपटांचाही नाही. १९९०च्या दशकात महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत टीव्हीसमोर सतरंजीवर मांडल्या जाणाऱ्या एका यंत्राचा आहे. त्याला आपण नुसते ‘व्हिडिओ गेम’ म्हणत होतो. सोबत दोन ‘रिमोट’, एक बंदूक आणि एक पिवळी कॅसेट. इतक्या अलीकडच्या गोष्टीला इतिहास म्हणायचे का, असे काही वाचक विचारतील. शेवटपर्यंत वाचून ठरवावे. एवढ्या अलीकडच्या वस्तूबद्दल इतके कमी पुरावे हाती लागल्याचा अनुभव मला दुसऱ्या कुठल्याच विषयात आलेला नाही.

सुरुवात एका कोड्याने करू.

‘टँक’ आठवतो? विटांच्या भिंती, खाली मधोमध गरुडाचे चिन्ह, आणि ते राखायला एक पिवळा व एक हिरवा रणगाडा. या खेळाचे खरे नाव ‘बॅटल सिटी’. जपानच्या नामको कंपनीने तो १९८५ साली काढला, आणि घरगुती यंत्राची त्याची कॅसेट त्या काळात अमेरिकेतल्या दुकानांत अधिकृतपणे कधीच आली नाही. न्यूयॉर्कच्या मुलाला जो खेळ विकत मिळत नव्हता, तो साताऱ्याच्या आमच्या गल्लीत पाच घरांत होता. सर्कशीतल्या सिंहावर बसून आगीच्या कड्यांतून उडी मारणारा ‘सर्कस चार्ली’ही तसाच, त्याची या यंत्रावरची आवृत्ती फक्त जपानपुरती होती. मग हे खेळ आपल्याकडे आले कुठून? आणि हेच का आले?

मुळापासून पाहू. निन्टेन्डो ही क्योतोची कंपनी. १८८९ साली ती ‘हानाफुदा’ नावाचे फुलांच्या चित्रांचे पत्ते बनवण्यासाठी स्थापन झाली. (सावंतवाडीच्या गंजिफा ज्यांनी हातात धरल्या आहेत, त्यांना या धंद्याची कल्पना सहज येईल.) याच कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये एक लाल-पांढरे यंत्र विक्रीस आणले. किंमत १४,८०० येन. घडवणारे अभियंते मासायुकी उएमुरा. यंत्राचे नाव होते ‘फॅमिली कॉम्प्युटर’, कुटुंबाचा संगणक. १९८५ पासून तेच यंत्र नवा करडा साज चढवून आणि नवे नाव घेऊन अमेरिकेत गेले. दोन्ही रूपे मिळून जगभर सुमारे ६ कोटी १९ लाख यंत्रे विकली गेल्याची कंपनीची नोंद आहे.

त्या आकड्यात आपण नाही. तुमच्या-माझ्या घरात होती ती या यंत्राची नक्कल.

नकलेचे उगमस्थान मुख्यतः तैवान. मूळ यंत्राचा मेंदू असलेली चिप जपानच्या रिको कंपनीने बनवली होती. तिच्याबरहुकूम चालणाऱ्या चिपा तैवानच्या यूएमसी या कारखान्यात तयार होऊ लागल्या, आणि त्यांच्याभोवती वाटेल त्या आकाराचे प्लॅस्टिक चढवून वाटेल त्या नावाचे यंत्र कोणालाही उभे करता येऊ लागले. रशियात १९९२ च्या अखेरीस ते ‘डेन्डी’ या नावाने आले आणि एक पिढी त्यालाच मूळ यंत्र समजून वाढली. पोलंडमध्ये ते ‘पेगासस’ झाले. आपल्याकडे मीडिया, टर्मिनेटर अशी नावे होती. आणि ज्यांच्या खोक्यावर धड नावच नव्हते, असे संचही पुष्कळ होते. मॉस्को, वॉर्सा आणि सातारा या तीन गावांतल्या मुलांच्या बालपणात दुसरे काहीही समान नसेल, पण खालून वर येणाऱ्या हिरव्या नळ्या आणि विटांच्या मागे लपलेला गरुड नक्की समान आहे.

अस्सल यंत्राला आपल्याकडे वाव का मिळाला नाही, याचे एक कारण व्यापारधोरणात दिसते. १९९१ नंतर अर्थव्यवस्था खुली झाली असे आपण सरसकट म्हणतो. पण तयार ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरचे निर्बंध टप्प्याटप्प्याने सैल होत गेले आणि संख्यात्मक निर्बंधांचा शेवटचा हप्ता उठायला १ एप्रिल २००१ उजाडावे लागले. त्या दहा वर्षांत मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याची बुधवार पेठ ही आपल्या इलेक्ट्रॉनिक हौसेची तीर्थक्षेत्रे होती. माझ्या वडिलांनी १९९६ च्या मे महिन्यात आमचा संच आणला तो पुण्याहून, बुधवार पेठेतल्या एका दुकानातून. एस.टी.ने परतताना त्यांनी खोके मांडीवरून खाली ठेवले नव्हते, असे आई सांगते.

आता कोड्याचे उत्तर. ते कॅसेटच्या पोटात आहे.

‘बॅटल सिटी’ हा अख्खा खेळ २४ किलोबाइटमध्ये मावतो. आज फोनवर येणारा सुप्रभातचा एखादा फुलांचा फोटो याहून मोठा असतो. सप्टेंबर १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’, त्यातली आठही जगे, सगळी संगीतरचना, राजकन्या आणि राक्षस धरून, ४० किलोबाइट. १९८३ ते ८६ या पहिल्या काळातले बहुतेक खेळ असेच लहान होते आणि त्यांना कॅसेटमध्ये कोणतीही जादा चिप लागत नसे. पुढचे खेळ मोठे झाले. त्यांना स्मृती वाढवणाऱ्या चिपा लागू लागल्या, आणि काहींना खेळ जिथे सोडला तिथून पुन्हा सुरू करता यावा म्हणून कॅसेटमध्ये छोटी बॅटरीही. नक्कल करणाऱ्याच्या दृष्टीने हा सगळा अनाठायी खर्च. त्याने पहिल्या काळातले छोटे खेळ उचलले आणि एकाच कॅसेटमध्ये दाटीवाटीने बसवले. वर लिहिले : ९९९९९९९ इन १.

तो आकडा अर्थातच थाप होती. यादीत खरे वेगळे खेळ मोजकेच असत. पुढची पाने म्हणजे त्याच खेळांची नावे बदलून केलेली पुनरावृत्ती. कुठे मारिओ तिसऱ्या जगापासून सुरू होई, कुठे सातव्या. आम्ही मात्र एका सुट्टीत खरोखरच एकेक क्रमांक उघडून पाहायला घेतले होते. वहीत नोंदी ठेवल्या होत्या. दोनशेच्या आसपास कधीतरी धीर सुटला.

तेव्हा आपल्या पिढीला कोणते खेळ ‘आपले’ वाटावेत, हे कोण्या समीक्षकाने ठरवले नाही, जाहिरातीने नाही, आणि आपणही नाही. कुठल्याशा अनाम कारखान्यातल्या माणसाने स्मृतीच्या चिपचा भाव पाहून ते ठरवले. ‘काँट्रा’ १२८ किलोबाइटचा, म्हणजे मारिओच्या तिपटीहून मोठा. म्हणून तो त्या लाखो खेळांच्या कॅसेटवर नसे. त्याची वेगळी कॅसेट घ्यावी लागे, आणि ती ज्याच्याकडे असे त्याचा गल्लीतला दर्जाही वेगळा असे.

एक गोष्ट मला स्वतःला फार उशिरा कळली आणि थोडी बोचली. आपल्याकडे रंगीत दूरदर्शन १९८२ साली आले ते पाल पद्धतीने, सेकंदाला ५० चित्रांच्या हिशेबाने. जपानची पद्धत ६० ची. हे खेळ ६० च्या गतीला बांधलेले. पाल टीव्हीसाठी बनवलेल्या नकली संचांत चिपचा ठोका अशा बेताने ठेवलेला असे की सूर जवळपास तोच राहावा; पण खेळ पुढे सरके तो चित्रांच्या गतीने. परिणामी सगळाच खेळ एक षष्ठांशाने संथ होई. कोजी कोंदो यांनी मारिओसाठी रचलेली ती सुप्रसिद्ध धून आपण सहाऐवजी पाचाच्या चालीने ऐकली. पुढे फोनवर तिची मूळ गती ऐकली तेव्हा कोणीतरी घाईघाईने वाजवते आहे, असेच वाटत राहिले. खोटी गती आठवणीत पक्की बसली, आणि खरी ऐकताना ती चुकीची वाटते.

आता घरात येऊ. कारण हे यंत्र कारखान्यात एक होते आणि घरात शिरल्यावर दुसरेच झाले.

घरात टीव्ही एकच. तोही घरातली सर्वांत महाग वस्तू. ‘गेम लावला की पिक्चर ट्यूब जाते’ हे वाक्य ज्याने ऐकले नाही त्याचे बालपण महाराष्ट्रात गेले नसावे. त्यात थोडे तथ्य होते. एकच स्थिर आकृती तासन् तास राहिली तर काचेच्या आतल्या थरावर तिचा डाग पडू शकतो. पण वडीलधाऱ्यांनी ती भीती गरजेपेक्षा बरीच ताणून वापरली. बातम्या, दूरदर्शनवरचा मराठी चित्रपट, क्रिकेटचा सामना आणि परीक्षा या चौघांतून उरलेला वेळ गेमचा. शिवाय बॅटरी नसलेल्या त्या कॅसेटांत खेळ साठवता येत नसे. वीज गेली, आईने हाक मारली, कोणाचा पाय वायरीत अडकला, की पहिल्यापासून. म्हणून डाव एका बैठकीत संपवावा लागे, आणि बैठक म्हटली की माणसे आलीच. दोघे खेळत, सहा जण मागे बसून ओरडत.

भाषाही आपण आपलीच लावली. सोबत खेळणारा ‘भिडू’. खेळ थांबवायचे बटण दाबणे म्हणजे ‘टाइम प्लीज’. हे शब्द अंगणातल्या विटीदांडूतून आणि लपंडावातून उचलून थेट पडद्यासमोर आणले होते. खेळांनीही त्यांना साजेशी भांडणे पुरवली. ‘टँक’मध्ये भिडूची गोळी लागली तर आपण मरत नाही, पण काही क्षण लुकलुकत जागीच थिजतो, आणि तेवढ्यात शत्रू गरुडावर पोचतो. ‘काँट्रा’च्या तिसऱ्या टप्प्यातला धबधबा तर मैत्रीची परीक्षाच. तिथे पडदा वर सरकतो. जो भराभर चढतो तो पडदा आपल्याबरोबर ओढतो, आणि मागे राहिलेला भिडू खालच्या कडेला लागून मरतो. शत्रू लागतच नाही. आमच्या गल्लीत दोन सख्ख्या भावांनी त्या धबधब्यावरून आठवडाभर अबोला धरला होता.

त्याच ‘काँट्रा’तली गुप्त खूण आठवते का? वर वर, खाली खाली, डावे उजवे, डावे उजवे, मग बी, ए. की तीनऐवजी ३० लाइफ. ती रचली कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी, १९८६ सालच्या ‘ग्रेडियस’साठी; स्वतःला तो खेळ तपासताना फार अवघड जात होता म्हणून. तिथून ती ‘काँट्रा’त आली. हाशिमोतो २०२० साली वारले. आमच्याकडे ना मासिके होती, ना इंटरनेट, ना खोक्यात माहितीपुस्तिका. तरी ती खूण कऱ्हाडच्या कोणा मावसभावाकडून साताऱ्यात आली आणि एकही अक्षर न बदलता आली. जात्यावरच्या ओव्या गावोगाव फिरल्या त्या याच वाटेने, लेकीसुनांबरोबर आणि पाहुण्यारावळ्यांबरोबर.

माहितीपुस्तिका नसल्याची आणखी एक गंमत. बंदुकीने बदके मारण्याच्या ‘डक हंट’मध्ये, एकच बदक उडणाऱ्या प्रकारात, दुसऱ्या माणसाला रिमोटने ते बदक हलवता येते. हे आम्हाला दोन वर्षे ठाऊक नव्हते. आजीला तो खेळ मुळीच आवडत नसे. एकदा ती शेजारी येऊन बसली, उगाच रिमोट हातात घेऊन बटणे दाबू लागली, आणि बदक बंदुकीला चकवू लागले. तेव्हा शोध लागला. त्या दिवसापासून आजी नियमाने खेळायला बसू लागली, बदके वाचवायला.

ती बंदूकही आता मुकी झाली आहे. घोडा दाबला की पडदा निमिषभर काळा होई, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे, आणि नळीतले प्रकाशग्राही तो दिसला की नाही हे पाही. हा सगळा हिशेब जुन्या, फुगीर काचेच्या टीव्हीच्या वेगाला बांधलेला. आजच्या सपाट टीव्हीवर चित्र किंचित उशिरा उमटते, आणि बंदुकीला काहीच दिसत नाही.

आता पुराव्यांकडे वळतो. या धाग्याचे खरे निमित्त तेच आहे.

गेल्या दिवाळीत साताऱ्याचे आमचे जुने घर रिकामे करताना माळ्यावर आमचा संच सापडला. खोके नव्हते. यंत्रावर बनवणाऱ्याचे नाव नाही, साल नाही, अनुक्रमांक नाही. म्हटले, उघडून चिपवरचा क्रमांक पाहू. आत हिरव्या पाटीवर काळ्या राळेचा एक गोल थेंब. खर्च वाचवण्यासाठी चिप तिच्या वेष्टनाविना थेट पाटीवर चिकटवत आणि वरून राळ ओतत. थेंब फोडल्याशिवाय आत कोणाची चिप आहे ते कळणार नाही, आणि फोडला तर चिपही हाती राहणार नाही. मी बराच वेळ स्क्रू-ड्रायव्हर हातात धरून बसलो आणि झाकण पुन्हा लावून टाकले. शिवकाळातल्या मोडी कागदावर निदान शिक्का, तिथी आणि कारकुनाचा हात असतो. १९९६ च्या या वस्तूवर यातले काहीही नाही.

वस्तू बोलत नसेल तर माणसांना विचारावे, हा नियम. म्हणून धाकट्या बहिणीला विचारले. ती तेव्हा चार वर्षांची होती. तिने लगेच सांगितले : आपण दोघांनी मिळून मारिओ पूर्ण केला होता, राजकन्या सोडवली होती, शेवटची उडी मी मारली. ती हे आपल्या मुलालाही सांगते. ठिकाण, वेळ, अंगावरचा फ्रॉक, सगळा तपशील अचूक.

इथे एक तांत्रिक गोष्ट सांगायला हवी. मूळ जपानी यंत्रात दोन्ही रिमोट वायरीने कायमचे जोडलेले होते. काढताच येत नसत. दुसऱ्याला ‘स्टार्ट’चे बटणही नव्हते, म्हणजे धाकट्या भिडूला ‘टाइम प्लीज’ घेण्याचा अधिकार नव्हता. त्याऐवजी त्यात एक मायक्रोफोन होता. नकलांत मायक्रोफोन गळाला आणि आमच्यासारख्या संचांत रिमोट सुटे झाले, नऊ पिनांच्या प्लगचे. प्लग काढला तरी रिमोट हातात तसाच दिसतो.

बहिणीच्या हातातल्या रिमोटचा प्लग मी काढून ठेवत असे. अंगणातल्या खेळात लहान पोराला ‘कच्चा लिंबू’ म्हणून घेतात. पण तिथे ते सर्वांना ठाऊक असते, बहुधा त्या पोरालाही. इथे फक्त मला ठाऊक होते. ती बटणे दाबत होती, मारिओ उड्या मारत होता. तिने तो चालवला असे तिला वाटले, आणि अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ तसेच वाटते आहे. त्या घटनेची साक्ष देणारे आम्ही दोघेच. कागद नाही, फोटो नाही. तिची साक्ष प्रामाणिक आहे आणि चुकीची आहे. माझी खरी आहे. पण ती मी आजवर कुठेही नोंदवली नव्हती. तिच्या मुलासमोर ती सांगत असताना मी मान डोलावली, हेही इथे नोंदवतो.

निन्टेन्डोने मूळ यंत्राचे उत्पादन २००३ साली थांबवले. जपानमध्ये त्याच्या प्रत्येक आवृत्तीची तारीख आणि किंमत लिहून ठेवलेली आहे. आपल्या नकलांचे असे काहीही नाही, आणि उरलेसुरले संच दर दिवाळीच्या आवराआवरीत भंगारात जात आहेत.

म्हणून विनंती. ज्यांच्या घरी असा संच, कॅसेट किंवा नुसते खोके असेल, त्यांनी खालील उत्तरांत फोटो जोडावा : खोक्याच्या चारही बाजू, यंत्राचा तळ, आणि सहज उघडता आले तर आतली पाटी. राळेचा थेंब कृपया फोडू नये. कोणत्या गावात, कोणत्या वर्षी आणि कितीला घेतला तेही लिहावे. आठवण अंदाजाची असेल तर ‘अंदाजे’ असे स्पष्ट लिहावे. आणि एखाद्याच्या वडिलांनी बिल जपून ठेवले असेल, तर सर्वांत आधी त्या बिलाचा फोटो.